फारच छोटा बॅकअप
उन्हाळा लागला की आई रजया प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून त्यातली हवा काढते, आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मला नोएडातली पहिली नोकरी आठवते. सर्व्हरवरच्या डेटाबेसचा रोज पहाटे आपोआप बॅकअप व्हावा आणि तो कंप्रेस होऊन पडावा, अशी स्क्रिप्ट मी लावून दिली होती. फाईल इतकी बारीक व्हायची की साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, ‘देखो, इसको कहते हैं कंप्रेशन.’ मी लाजलोसुद्धा. चार महिन्यांनी कुणाच्या तरी हातून ग्राहकांची सगळी यादी पुसली गेली. मी ऐटीत त्या पहाटेची फाईल उघडली, तर आत काहीच नव्हतं. पासवर्ड चुकीचा असल्यामुळे माझी स्क्रिप्ट रोज नेमाने काहीच न घेता ते ‘काहीच नाही’ कंप्रेस करून ठेवत होती. तारलं ते रिसेप्शनच्या मॅडमनी. कॉम्प्युटरवर भरवसा नसल्यामुळे त्या दर शुक्रवारी यादीचा प्रिंट काढून कपाटात ठेवत. गठ्ठा माझ्या टेबलावर आपटून त्या म्हणाल्या, ‘लो बेटा, ये कंप्रेस नहीं हुआ है.’ पुढचे आठ दिवस मी टाईप करत बसलो. आज आईने चपटी झालेली पिशवी माळ्यावर टाकायला दिली, तेव्हा मी ती आधी उघडली. ‘अरे, आत्ताच हवा काढली ना मी,’ आई करवादली. रजई आत होती.