शॅडो की शादी

फर्स्ट इयरच्या मुलांना धंदा-व्यवसाय नुसता पुस्तकातून शिकवायचा मला मनापासून कंटाळा. म्हणून मी एक टूम काढली. प्रत्येकाने एक दिवस कुणा काम करणाऱ्या माणसामागे फिरायचं. फक्त बघायचं, मध्ये लुडबुड करायची नाही, प्रश्न शेवटी विचारायचे. याला ‘जॉब शॅडोइंग’ म्हणतात, असं मी वर्गात ऐटीत सांगितलं आणि तिथेच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी बुवापाड्याचे एक गृहस्थ थेट स्टाफरूममध्ये. अंबरनाथच्या कारखान्यात ऑपरेटर, मशीनच्या वर आवाज चढवायची सवय.

"मॅडम, पोरगी म्हणते शनिवारी शादीला जायचंय, उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. मी तिला शिकायला पाठवली की शाद्या करायला? तिचं कॉलेज बंद!"

मागे त्यांची मुलगी रडवेली उभी. मला हसू येत होतं आणि डोकंही फिरलं होतं.

"शादी नाही हो, शॅडो! विश्वास नसेल तर तुम्हीच चला बरोबर."

"येतो. पण काही वेडंवाकडं दिसलं, तर बंद म्हणजे बंद."

शनिवारी आम्ही तिघं शेअर रिक्षाने कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात पोचलो. मालकीणबाई सिंधी, तोंडाने फटकळ. मुलगी त्यांच्या मागे, बाबा मुलीच्या मागे. बाई वळल्या की दोघंही वळायचे, कारागीर तोंड दाबून हसायचे. कटिंगच्या टेबलापाशी बाईंनी सांगितलं, कापडाच्या एका रोलचा रंग दुसऱ्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही.

संध्याकाळी प्रश्नांची वेळ आली. वर्गात जिच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता, ती शिलाईला निघालेल्या एका गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आंटी, इसमें दोनों पैर अलग रोल के हैं ना? धुलने के बाद शेड अलग नहीं आयेगा?"

बाईंनी गठ्ठा उजेडात धरला आणि कटिंग मास्टरवर ओरडल्या, "ये वापस खोलो!" मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बेटा, छुट्टी में इधर आना. काम सिखाऊँगी."

मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. मी घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

निघताना बाईंनी बाबांना हटकलं. "और भाईसाब, आप कौन? सुबह से पीछे-पीछे घूम रहे हो."

ते मुलीची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेत, त्याच चढ्या आवाजात म्हणाले, "मैं? मैं इसका शॅडो."