जत्रेआधीचा डिव्हिडंड

डिव्हिडंड हा शब्द आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. त्याचा अर्थ जत्रेचं मटण.

पनवेलजवळची आमची जमीन शहरासाठी गेली, तेव्हा मोबदल्यातून काकांनी भावकीला गोळा करून इंटरनेटची कंपनी काढली. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आधीचे केबलवाले. घराघरांत शेअर होते. कळंबोली-रोडपालीच्या सोसायट्यांत आमच्या वायरी जायच्या आणि नेट का बंद आहे, या प्रश्नाला मी ऑफिसात बसून उत्तरं द्यायचो. वार्षिक सभा मात्र देवळाच्या मंडपात, जत्रेच्या तोंडावर. तिथे नफा वाटायचा आणि उठल्या उठल्या बकरे सांगून ठेवायचे. त्यात मला काही वावगं वाटत नाही. जत्रेचा पाहुणा नीट जेवला नाही तर आमच्याकडे वर्षभर तोंड दाखवायची सोय नसते.

अडचण एवढीच की सगळी वायर एकाच रस्त्याने, दिव्याच्या खांबांवरून लोंबकळत यायची. काकांना जमिनीखालून फायबर टाकायची होती, शिवाय पळस्प्याकडून दुसरी लाइन आणायची होती. एका वर्षाचा नफा कंपनीतच ठेवू या, असं ते सभेत म्हणाले. मग माझे वडील उठले.

"माझे पोरीचे सासरची मानसा यंदा पयल्यांदा जत्रंला येनार हायेत. त्यांचे ताटान काय वायर ठेवू?"

सगळे हसले. काकाही हसले. ठरावाच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर मंडपात एकच हात वर झाला, तो माझा. काकांनी स्वतःच्याच ठरावाला हात वर केला नाही. वडिलांपेक्षा मला त्यांचा राग आला, आणि तो बरीच वर्षं टिकला.

जत्रा झोकात झाली. व्याही तृप्त होऊन गेले. पुढे रस्ता रुंद करायला घेतला, खांब उपटले गेले आणि आमच्या वायरी मातीत लोळू लागल्या. घरून काम करणारं गिऱ्हाईक थांबत नाही. आम्ही वायर पुन्हा टांगेपर्यंत निम्म्या सोसायट्या दुसरीकडे गेल्या होत्या. शेवटी एका मोठ्या कंपनीने आम्हाला गिळलं आणि पैशांऐवजी आपले शेअर दिले. मला नोकरी मिळाली. काकांना सल्लागार हे पद मिळालं, पण सल्ला कोणी विचारत नाही.

यंदा जत्रेआधी वडिलांनी ओटीवर बसून काकांना विचारलं, "यांचा डिव्हिडंड कवा येतो?"

"यंदा नाय. नफा नवीन लाइनीला ठेवलाय. तसा ठराव झाला."

"ठराव? सभा कवा झाली?"

"मोबाइलवर. सगल्यांनाच मेसेज आलेला, तुलाबी आला असंल."

वडिलांनी तो उघडलाच नव्हता. त्यांनी फोन हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. "मंग तू काय सांगितलास त्यांना?"

"मी हो म्हनलो."

मी चहाचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिलो. वडील काकांकडे वळले.

"मंग तवा देवलान का नाय हात वर केलास?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"तवा तू समोर बसलेलास, दादा."