शेपूट येईपर्यंत

आर्डिस स्कोगेन भित्री होती. ही निंदानालस्ती नव्हे; हॅटविक गावातलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला हेच सांगेल. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला, माणूसभर उंचीची पातेली उतरवली, पण गॅस पेटवताना दर वेळी तोंड फिरवूनच काडी ओढली. सरकत्या जिन्यावर तिने कधी पाय ठेवला नाही. हिवाळ्यात तळघरातली भट्टी धडधडायला लागली की ती जिन्याच्या वरच्या पायरीवरून नवऱ्याला हाका मारी. आणि आभाळ हिरवट झालं की तर विचारूच नका. नॉर्थ डकोटात आभाळ हिरवं होतं ते गारा पाडायलाच, हे तिथली गुरंही जाणतात.

अशी बाई साठी उलटल्यावर मोटरसायकल शिकली, ती काही हौसेने नाही. तीही भीतीपोटीच. तिचा नवरा मर्ल दर ऑगस्टात ब्लॅक हिल्स डोंगरातल्या मोटरसायकल मेळ्याला जायचा. ती मागे बसून, डोळे मिटून, त्याचा पट्टा घट्ट धरून. मग मर्लचे डोळे गेले. कडेकडेचं दिसे, मधोमध काळा डाग. लायसन्स गेलं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी गॅरेजात जाऊन उभ्या गाडीवर हँडल धरून बसू लागला. दिवा नाही, रेडिओ नाही. आर्डिस दाराच्या फटीतून बघायची. हा माणूस असाच बसल्या बसल्या संपणार, असं तिच्या मनाने घेतलं. तेव्हा तिने गाडीला साइडकार जोडून आणली आणि चर्चच्या रिकाम्या आवारात रडत रडत चकरा मारायला सुरुवात केली.

"रडायचं तेवढं रड," मर्ल साइडकारमधून ओरडायचा, "पण क्लच सोड, म्हातारे! रडण्याने गिअर पडत नाही."

मेळ्याला जाणारी त्यांची टोळी जुनी होती. पुढे हार्लन, निवृत्त पोस्टमन, गाडीवर ताठ बसणारा. सगळ्यात मागे क्लिओ, घोड्यांना नाल मारणारी धिप्पाड बाई, पांढरं हेल्मेट आणि नारिंगी जाकीट. मध्ये बाकीचे. वर्षभर कुणी कुणाला फोन करत नसे, आडनावंही धड ठाऊक नव्हती. पण डोंगरातल्या त्या कुरणात तंबू पडले की एकाच भांड्यात घेवडा शिजे, एकाच दोरीवर सगळ्यांचे मोजे वाळत. आर्डिसच्या घरी कपाटं भरभरून वाहत होती. इथे एक कप, एक खुर्ची, एक पांघरूण, आणि बाई त्यातच खूश! सकाळी निळ्या किटलीतली कॉफी ती सगळ्यांना ओतायची. क्लिओ म्हणायची, "आर्डिस, तुझी कॉफी म्हणजे नाल बुडवून काढावी अशी. आण अजून." असं बोलणारी मैत्रीण आर्डिसला हॅटविकमध्ये कधी मिळाली नाही. तिथे सगळे जपून बोलत.

टोळीचा एक कायदा होता. वळण आलं की हार्लन हात दाखवी, आणि त्याच्या मागचा जो असेल त्याने तिथे थांबून कोपरा धरायचा. सगळ्यांना वळण दाखवायचं आणि शेपूट येईपर्यंत हलायचं नाही. शेपूट म्हणजे क्लिओ, नारिंगी जाकिटवाली. ती दिसली की कोपरा सोडायचा. आणि ज्या कोपऱ्यावर कुणी उभं नाही, तिथे डोळे झाकून सरळ जायचं. पाऊस असो, वीज पडो, कोपरा सोडणाऱ्याला त्या टोळीत क्षमा नव्हती. क्षमा मागायची वेळही आजवर कुणावर आली नव्हती.

त्या वर्षी जाताना दुपारी आभाळ हिरवं झालं.

आर्डिसला ते आधी दिसलं, कारण ती आभाळाकडेच बघत गाडी चालवायची. पश्चिमेला ढगाचं बूड लोंबायला लागलं होतं, वारा एकदम पडला होता. तेवढ्यात हार्लनचा हात उठला: डावीकडे वळण. आणि त्याच्या मागे होती आर्डिसच.

तिने वळणावर गाडी लावली. डांबरी रस्ता डावीकडे गावाकडे जात होता. सरळ जाणारा खडीचा रस्ता उतरत उतरत ओढ्यावर जाई. तिथे पूल कसला, नुसती फरशी. पाऊस झाला की तिच्यावरून पाणी जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय गं, आभाळ कसं आहे?" मर्लने विचारलं.

"हिरवं."

"किती हिरवं?"

"मर्ल, तोंड मिट!"

पावसाचे थेंब पडायला लागले. एकेक गाडी आली, वळली, गेली. मागून येणारे वाटेत थांबून रेनकोट चढवून आले होते, कोण कुठला काही कळत नव्हतं. मग पहिली गार तिच्या टाकीवर टणकन आपटली. दुसरी हेल्मेटवर. आर्डिसची पाचावर धारण बसली. देवा, क्लिओ येऊ दे, क्लिओ येऊ दे.

आणि पावसाच्या पडद्यातून नारिंगी जाकीट आलं, वळलं, गेलं.

"आली!" ती किंचाळली. "शेपूट गेलं, मर्ल!"

"क्लिओ? पण तिच्या गाडीचा आवाज असा पातळ नाही..." मर्लने मान वळवली.

तिने गाडी हाणलीसुद्धा होती.

गावातल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली सगळे दाटीवाटीने उभे होते. गारा पत्र्यावर अशा वाजत होत्या की ओरडून बोलावं लागत होतं. लव्हॉन नावाची केस कापायचं दुकान चालवणारी सगळ्यांची लाडकी पोरगी काळं हेल्मेट काढून केस पिळत होती. अंगात नवा रेनकोट. नारिंगी.

"कसा आहे?" लव्हॉन म्हणाली. "म्हटलं, लांबून दिसावं."

आर्डिसने एकेक चेहरा बघितला. पुन्हा बघितला.

"क्लिओ कुठंय?"

हार्लनने हळूच विचारलं, "तू कोपरा सोडलास तेव्हा क्लिओ पुढे गेली होती ना?"

आर्डिसने लव्हॉनच्या जाकिटाकडे बोट दाखवलं. बस्स, एवढंच तिला जमलं. सगळ्यांना एकदमच उमगलं: क्लिओ त्या कोपऱ्यावर येईल, तिथे कुणी नसेल, आणि क्लिओ कायद्याला पक्की. ती सरळ जाईल. ओढ्यावर.

"गारा थांबल्या की जाऊ," हार्लन म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच पटत नव्हता. "या गारांत दोन चाकं टिकायची नाहीत. मी मदतीला फोन लावतो."

"माझी तीन आहेत," आर्डिस म्हणाली. आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. तिने गाडीला किक मारली आणि मर्लला म्हणाली, "उतर खाली."

"उतरतो कसला! रिकामी साइडकार वळणावर उचलली जाईल आणि तू शेतात पडशील. वजन नको?" त्याने ताडपत्री छातीपर्यंत ओढली. "नाहीतरी डोळे गेल्यापासून मी गोणीच आहे. आज गोणीचं काम आहे. चल!"

तो रस्ता आर्डिसला जन्मभर पुरला. गारा बोटांवर बसत होत्या, काचेतून काही दिसत नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण त्या दिवशी तो तिच्या पाठीमागे नव्हता. समोर होता, आणि ती त्याच्याचकडे निघाली होती. परत फीर, परत फीर, असं मन म्हणत होतं. पण त्या मनात आणखीही एक गोष्ट होती, आणि तिचीच भीती सगळ्यात मोठी होती. जाकीट नारिंगी होतं, पण त्यावरचं हेल्मेट काळं होतं. क्लिओचं पांढरं. आर्डिसला ते दिसलं होतं.

कोपऱ्यावर कुणी नव्हतं. खडीच्या रस्त्यावर एकाच गाडीची ओली चाकोरी सरळ उतरत गेली होती.

"थांब, इंजिन बंद कर," मर्ल म्हणाला.

गारा ओसरल्या होत्या. खालून पाण्याची घरघर ऐकू येत होती. मर्ल मान तिरकी करून ऐकत राहिला. आर्डिस त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"शिव्या," तो म्हणाला. "कुणीतरी शिव्या देतंय. जिवंत आहे, म्हातारे! उतर खाली."

ओढा तांबडा झाला होता. फरशी दिसतच नव्हती. क्लिओची गाडी आडवी पडून खालच्या कुंपणाला अडकली होती, आणि क्लिओ कमरभर पाण्यात कुंपणाची तार एका हाताने धरून उभी होती. दुसरा हात नुसता लोंबत होता. तार एका खुंटावरून सुटली होती, दुसऱ्यावर तणावत होती.

"तिथेच थांबा!" क्लिओ ओरडली. "एकीला बुडू द्या, दोघी नकोत!"

मर्लने चाचपडत साइडकारच्या पेटीतून ओढायचा पट्टा काढला, एक टोक गाडीच्या सांगाड्याला बांधलं. दुसरं आर्डिसच्या कमरेला. गाठ त्याने बोटांनी दोनदा तपासली. आर्डिसला पोहता येत नव्हतं. अंघोळीच्या टबातसुद्धा ती पाणी घोट्यापर्यंतच घ्यायची.

"मर्ल, मला भीती वाटतेय."

"मलाही. जा."

ती गेली. शूर होती म्हणून नव्हे, लाज वाटत होती म्हणून. लाज भीतीपेक्षा जड होती. थंडगार पाणी मांड्यांना लागलं तसा तिचा श्वासच अडकला. पायाखालून खडी सरकत होती. एकदा पाय निसटला, पाणी तोंडात गेलं, आता संपलं असं वाटलं. पट्टा ताणला गेला आणि मर्ल काठावर दोन्ही टाचा रोवून मागे पडला, पण पट्टा सोडला नाही. मग तिच्या हाताला क्लिओचं जाकीट लागलं. नारिंगी. तिने ते असं धरलं की पुढे दोन दिवस तिची बोटं वळत नव्हती. मागून खुंट कडकन मोडला. तोवर दोघी काठाच्या गवतावर आडव्या होत्या आणि मर्ल हवेत हात फिरवत विचारत होता, "दोघी? दोघी आहात ना? बोला गं!"

"दोघी," आर्डिस म्हणाली आणि हुंदके देत रडायला लागली.

क्लिओ खोकत होती. जरा दम आल्यावर तिने जाकिटाच्या आत हात घातला आणि निळी किटली बाहेर काढली. एका बाजूने चेपलेली. "तुझ्या साइडकारच्या पेटीतून पडली होती. ती उचलायला थांबले आणि मागे राहिले." मग ती आर्डिसकडे बघत म्हणाली, "कोपऱ्यावर कुणी नव्हतं. म्हटलं, आर्डिस आहे तर कोपरा सोडायची नाही, म्हणजे इथे वळण नसेलच."

आता खोटं बोलायला वाव होता. पाऊस, रेनकोट, कुणालाही पटलं असतं. हार्लन आणि बाकीचे वरून धावत येत होते, पुढे लव्हॉन. क्लिओने तिचा नारिंगी रेनकोट बघितला आणि तिला सगळं उमगलं.

"माझं हेल्मेट पांढरं आहे, आर्डिस. दिसलं नाही?"

"दिसलं," आर्डिस म्हणाली. "काळं आहे ते दिसलं. मला बघायचं नव्हतं. मला पळायचं होतं."

सगळे थबकले. लव्हॉनने आपला रेनकोट काढून पाठीमागे धरला, जणू तिचाच गुन्हा. क्लिओ उठली, लोंबता हात छातीशी धरून गेली. त्या रात्री आणि मेळ्याच्या सगळ्या दिवसांतही ती आर्डिसशी चकार शब्द बोलली नाही. आर्डिस रोज कॉफी करायची, चेपलेल्या किटलीतून. क्लिओ कप पुढे करायची, घ्यायची, दुसरीकडे बघायची. कुरणात तेच तंबू, तोच घेवडा, पण आर्डिसच्या घशाखाली घास उतरेना. मैत्रीण गेली, आणि आपल्या हाताने गेली.

निघायच्या दिवशी तंबू गुंडाळताना क्लिओ आली. हात गळ्यात. खांद्यावर ते नारिंगी जाकीट, चिखलाचे डाग न गेलेलं. तिने ते आर्डिसच्या अंगावर टाकलं.

"आज शेपूट तू."

"मी? क्लिओ, नको गं. मला सगळ्यांच्या मागे, एकटीला..."

"म्हणूनच."

क्लिओ लव्हॉनच्या मागे जाऊन बसली. टोळी निघाली, आणि एकेक गाडी टेकाडापलीकडे दिसेनाशी झाली. रस्त्यावर आर्डिस, तिचा मर्ल, आणि कुणी नाही. आता तिला कळलं, शेपटाला काय वाटतं. दर टेकाड चढताना एकच धाक: पलीकडे वळण असेल, आणि तिथे कुणी नसेल तर?

"आहे का कुणी?" मर्ल दर वेळी विचारायचा.

"आहे," ती म्हणायची, आणि जिवात जीव यायचा.

दुपारी तो कोपरा आला. त्याच्या आधीच्या चढावर आर्डिसने गाडी हळू केली. या कोपऱ्यावर कुणी थांबलं नाही तर त्यांचं चुकलं असं तिला म्हणता येणार नव्हतं. ती चढ चढली.

कोपऱ्यावर लव्हॉनची गाडी उभी होती. शेजारी, ऊन डोळ्यांवर घेत, हात गळ्यात अडकवलेली क्लिओ. चांगला हात पुढे करून ती वळण दाखवत होती. आर्डिस जवळ आली तरी तिने हात खाली घेतला नाही.

"आहे का गं कुणी?" मर्लने विचारलं.

आर्डिसने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती वळली.