खाचेतलं कुंकू

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तरी बेगडेवाडी स्टेशनजवळच्या एका शेडमध्ये मी संगणकात बसवायची कार्डं तपासते. गावात सांगितलं तर लोक हसतात. आधी मी तिथं झाडू मारायला होते, असं सांगितलं की मग त्यांना पटतं.

कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. तिच्या एका कडेला बारीक सोनेरी दात असतात. मोठ्या कारखान्यातली यंत्रं संगणकाला जोडायला ही कार्डं लागतात. तपासायचा संगणक उघडाच असतो, त्याला झाकण नसतं. वीज बंद करायची, आतल्या खाचेत कार्डाचे दात दाबून बसवायचे आणि मग बटण दाबायचं. संगणक सुरू झाला की काळ्या पडद्यावर जोडलेल्या वस्तूंची यादी येते. त्या यादीत आपल्या कार्डाचा नंबर दिसला पाहिजे. मग त्या कार्डाशी बोलणारा प्रोग्राम चढवायचा, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कार्डाला आकडे पाठवतो, कार्डानं तेच आकडे परत पाठवायचे. सगळे जुळले तर कार्डावर हिरवी चिकटी डकवायची, नाही तर लाल. दिवसभर हेच.

हे मला शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं शिकवलं. ती शिरगावची, बौद्धांच्या घरातली, आयटीआय झालेली. दुसऱ्या टेबलावरची बाई लग्न होऊन गेली तेव्हा शेडचे मालक, म्हणजे आमचे सर, नवीन माणूस शोधत होते. ही म्हणाली, मावशींची नजर चांगली आहे, मी शिकवते. सरांना ते पटलं नव्हतं, पण माणूस मिळत नव्हता. तिनं एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मला सोळा चिन्हं काढून दिली. दहा आपले आकडे आणि पुढची सहा इंग्रजी अक्षरं, ए पासून एफ पर्यंत. म्हणाली, एवढ्यातच सगळं असतं, बाकीची इंग्रजी तुम्हाला लागणार नाही. तो पुठ्ठा मी लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसायचे. मळवलीला चढले की बेगडेवाडी येईपर्यंत तोच पाठ.

एकदा पडद्यावर ओळीनं सगळे एफच आले. मी तिला विचारलं, ह्याचा अर्थ काय.

"समोरून कुणीच उत्तर देत नाही, मावशी. आपण विचारतोय, पण तिकडं कुणी नाही."

तिला तिथं दिवाळीनंतर दोन वर्षं पुरी होणार होती. दोन वर्षांचा अनुभवाचा कागद हातात आला की ती चाकणच्या मोठ्या कंपनीत अर्ज करणार होती. त्या कागदाशिवाय तिथं दारात उभं करत नाहीत. हे ती रोज नाही तरी दर आठवड्याला एकदा बोलायचीच.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा होते. पाती, स्क्रूड्रायव्हर, कातऱ्या, तपासायचे संगणक, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सरांनी त्या वर्षी मला सांगितलं, वयानं तुम्ही मोठ्या, तुम्ही करा. मला बरं वाटलं. झाडूवाली म्हणून आले होते आणि आता पूजेची वाटी माझ्या हातात होती. कुंकू पाण्यात कालवलं होतं, बोटं टेकवली की उमटावं म्हणून.

ती पोरगी बाजूला उभी होती. तिच्या घरात हे करत नाहीत, तिनं हात जोडले नाहीत, आणि त्यावर तिला कुणी काही बोललंही नव्हतं. मी तिच्या संगणकापाशी गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, आतून नको. बाहेरच्या पत्र्याला लावा. उघडं आहे ते."

मला राग आला. सगळ्यांसमोर बोलली म्हणून आला. मी म्हणाले, "तुला न्हाई करायचं तर बाजूला सर. मला नको शिकवू."

आणि मी मुद्दाम आतच पाची बोटं टेकवली, खाचेच्या कडेला. एक ओघळ खाली गेला. तो मी पदरानं टिपला. वरचा टिपला, आतला कसा टिपणार? माझ्या स्वतःच्या संगणकाला मात्र मी पत्र्यालाच कुंकू लावलं. तेवढी अक्कल मला तेव्हाही होती.

दसऱ्याची सुट्टी होऊन कामावर आलो आणि तिच्या टेबलावर कार्डं नापास व्हायला लागली. सगळी नाहीत. तीनातलं एखादं. यादीत नंबर दिसायचा, ड्रायव्हर चढवला की सगळे एफ. तेच कार्ड काढून परत बसवलं की कधी पास व्हायचं, कधी यादीतच यायचं नाही. लाल चिकटीच्या कार्डांचा ट्रे भरला. सर येऊन तिच्यावर ओरडले. म्हणाले, तू मनगटाचा पट्टा बांधत नाहीस, तुझ्या अंगातल्या विजेनं कार्डं मरतात. हा पट्टा आम्ही सगळ्याजणी बांधतो, त्याची तार जमिनीला जोडलेली असते. तिचा पट्टा तर झोपेतही सुटला नसता, इतकी ती नेमाची. तिनं हात वर करून दाखवला. सर म्हणाले, आत्ता बांधला असशील.

जेवणाच्या वेळी बायका बोलायला लागल्या. आधी आडून, मग उघड. पूजेला हात जोडले नाहीत, म्हणून तिचंच यंत्र बिघडलं. एक म्हणाली, हात जोडले असते तर काय झिजली असती का. ती पोरगी चार हातांवर डबा उघडून बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं. मी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा मी तिच्या लाल ट्रेतली तीन कार्डं उचलली आणि माझ्या संगणकात एकेक बसवून पाहिली. तिन्ही पास झाली. एकही आकडा चुकला नाही. म्हणजे कार्डं चांगली होती आणि पोरीचा हातही चांगला होता. खोट त्या खाचेत होती, आणि खाचेत काय गेलं होतं हे त्या शेडमध्ये मला सगळ्यात चांगलं माहीत होतं.

मी ती तीन कार्डं परत लाल ट्रेत ठेवली.

का ठेवली, ते लिहिते. एक म्हणजे मला परत झाडूवर जायचं नव्हतं. माझ्या वयाला दुसरीकडं कुणी घेतलं नसतं. दुसरं कारण जास्त वाईट आहे. काल शाळा सोडून आलेल्या पोरीनं, आणि तीही त्यांच्यातली, मला कुंकू कुठं लावायचं ते सांगितलं आणि तिचंच खरं निघालं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. हे असं उघड मी तेव्हा स्वतःशीही बोलले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी सरांनी तिला आत बोलावलं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, पिशवी घेतली, पट्टा गुंडाळून टेबलावर ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाली, येते मावशी. मला वाटलं रोजच्यासारखी निघाली. आमची सुट्टी गुरुवारी असते. शुक्रवारी गेले तर तिचं टेबल रिकामं, आणि सर म्हणाले, तिला कामावरून बंद केलं.

तेव्हा मी बोलले. दोन दिवस उशीर करून बोलले. सरांना म्हणाले, त्या खाचेत माझं कुंकू गेलंय. सरांनी बॅटरी लावून पाहिलं. मग कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून आत फिरवली. ती लाल होऊन बाहेर आली. चार काड्या लागल्या. मग ट्रेतली कार्डं एकामागून एक बसवली, तर दोन सोडून सगळी पास.

मला वाटलं आता सर ओरडतील. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत मावशी, माल वाया गेला असता.

मी विचारलं, मग पोरीला बोलावता ना. त्यांनी काड्या कचऱ्यात टाकल्या. "आता कुठं बोलवायचं? आणि हे बाहेर बोलू नका. पूजेचं नाव निघतं त्यात."

पुढच्या गुरुवारी मी शिरगावला गेले. देवळाची गर्दी होती, गाड्यांनी रस्ता भरला होता, त्यातून विचारत विचारत तिचं घर काढलं. ती दारात तांदूळ निवडत होती. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, तीन कार्डांचंही.

ती तांदूळ निवडतच होती. म्हणाली, "मला माहीत होतं, मावशी. मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खाच साफ करून बघू. ते म्हणाले, पूजेवर बोट दाखवतेस? बुधवारी मी परत तेच बोलले, म्हणून काढलं मला."

मी म्हणाले, मी सांगितल्यावर तर लगेच साफ केली.

"व्हय," ती म्हणाली. "तुमी सांगितलं ना."

एरवी ती माझ्याशी असं गावचं बोलत नसे. मी कागदाचं विचारलं. दोन महिने कमी पडले म्हणून सरांनी दिला नव्हता. मी म्हणाले, मी सरांशी बोलते. ती म्हणाली, नका बोलू, मला परत त्या दारात जायचं नाही. निघताना मी तिच्या आईला नमस्कार केला, आईनं तो घेतला. पोरगी उठली नाही. तिनं उठायला पाहिजे होतं असं माझं म्हणणं नाही.

सध्या ती सोमाटण्याच्या एका दुकानात मोबाईल दुरुस्त करते, असं कळलं. मी गेले नाही बघायला.

यंदाच्या खंडेनवमीला सरांनी परत वाटी माझ्याच हातात दिली. मी सगळ्या यंत्रांना बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावलं. तिच्या जागी आलेली नवी बाई म्हणाली, आत पण लावा ना, मावशी. मी म्हणाले, आत लावायचं न्हाई. का म्हणून कुणी विचारलं नाही. सरांनी मान हलवली आणि सगळ्यांना सांगितलं, मावशी म्हणतात तसंच करा.