दुर्मिळरावांचा ताप

ऑफिसात त्यांना सगळे दुर्मिळराव म्हणत. नोकरी पाणीपट्टी खात्यात, टक्कल चारचौघांसारखं, बुद्धी टकलाला शोभेल अशी. पण रक्तगट असा, की आख्ख्या शहरात दोनच माणसांचा. यात आपलं काडीचंही कर्तृत्व नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी रक्तपेढीचा फोन आला, की ते इस्त्रीचा शर्ट चढवून नवरदेवाच्या थाटात निघत. तिथल्या नर्स पंखा त्यांच्याकडे वळवत. घरी तो कोणाकडे वळतो, हे सांगायला नकोच.

दुसरं माणूस म्हणजे त्यांची धाकटी बहीण. नुसती सुई पाहिली तरी तिला घेरी यायची. "आमच्या बाईसाहेबांचं रक्त फक्त डासांसाठी राखीव," असं ते तिच्या सासरच्यांसमोरही सांगत आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत.

त्या दिवशीचा फोन एका बाळंतिणीसाठी होता. तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. दुर्मिळराव लगेच निघाले.

"अहो, गेल्या आठवड्यातला ताप सांगाल ना तिथे?" बायकोनं विचारलं. "जगाला रक्त देता आणि घरात डास पाळता!"

हा टोमणा बाल्कनीतल्या टबावरून होता. दुर्मिळरावांनी त्यात हौसेनं कमळ लावलं होतं. कमळ काही उगवलं नाही. अळ्या मात्र वळवळत होत्या. शेजारची मुलगी डेंग्यूनं दवाखान्यात पडली होती.

"गोळीनं उतरला की! त्याला काय ताप म्हणायचं?" म्हणत ते जिना उतरले.

रक्तपेढीच्या दारातच बाळंतिणीच्या नवऱ्यानं त्यांचे हात धरले. "देवासारखे आलात!"

अशा वेळी माणसानं थोडं तरी लाजावं. दुर्मिळराव म्हणाले, "चालायचंच."

आत तपासणीच्या बाईंनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. "इतक्यात ताप, अंगदुखी?"

"छे!"

"घरात, शेजारी कोणाला डेंग्यू?"

दुर्मिळराव खिडकीबाहेर बघू लागले.

"काका, आम्ही रक्त तपासतो," बाई म्हणाल्या, "पण डेंग्यूसाठी प्रत्येक पिशवी तपासली जात नाही. तुम्ही खरं सांगाल, यावरच आमचा सगळा भरवसा. डास थोडंसंच विष सोडतो, आपण पिशवीभर सोडू. आणि त्या बाईच्या अंगात आता झुंजायचं त्राण नाही."

दुर्मिळरावांच्या लक्षात आलं, की बाळंतीण जगेल का, हा विचार फोन आल्यापासून आपल्या मनात एकदाही आला नाही. तिचा नवरा काय म्हणेल, याचीच उजळणी चालली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ताप होता," ते म्हणाले. "दोन दिवस. शेजारी डेंग्यू आहे. आणि माझ्या टबात अळ्या आहेत." टबाबद्दल कोणी विचारलंही नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आज तुमचं रक्त नाही घेता येणार."

बाहेर तो नवरा दाराकडे डोळे लावून उभा होता. त्याच्याकडे पाठ करून दुर्मिळरावांनी बहिणीला फोन लावला. आजवर केलेली एकेक चेष्टा त्यांना नेमकी तेव्हाच आठवत होती.

बाळंतिणीचं ऐकून तिनं विचारलं, "दादा, तुला नाही का देता येणार?"

"मी कुचकामी निघालो गं."

"येते. पण माझा हात सोडायचा नाहीस."

ती घरातल्याच चपला घालून आली, चेहरा पांढराफटक. प्रश्नांची उत्तरं तिनं सरळ दिली. सुई टोचली तेव्हा तिची नखं दादाच्या तळहातात रुतली. डासांचा तो जुना विनोद त्यांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळून टाकला. नर्सनं पंखा बहिणीकडे वळवला.

पिशवी भरू लागली तशी नर्सनं दुर्मिळरावांकडे पाहिलं. ही नर्स नवी होती. "आपण कोण?"

"हिचा भाऊ," ते म्हणाले. त्यांनी तिचा हात आणखी घट्ट धरला.

धाकटी डोळे मिटूनच म्हणाली, "घाबरू नकोस दादा, संपत आलंय."