कोणी कोणाला शब्द दिला

विलायतेत पुन्हा लढाईच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत, आणि कोणता देश कोणाच्या बाजूला आहे हे समजावून सांगा म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरे झालं.

तेव्हा मी दिंद्रुडपासून दोन कोसांवरच्या एका गावात मास्तर होतो. गावात वर्तमानपत्र घेणारा मी एकटाच. पुण्याहून निघालेला अंक माझ्या हाती पडायला आठ-दहा दिवस लागत. पहिली मोठी लढाई पेटली त्या पावसाळ्यात मी संध्याकाळी चावडीच्या ओट्यावर बसून तो वाचून दाखवू लागलो. लोक ऐकायचे, मान डोलवायचे. मला त्याची गोडी लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ऐकणाऱ्यांत माझ्याच वयाचा एक धनगर होता. देशमुखांच्या माळावर त्याची मेंढरं चरायची, आणि त्या बदल्यात तो ती खतासाठी देशमुखांच्या रानात बसवायचा. वस्तीवर तो आणि त्याची बायको, दोघंच. बाकीचे नुसते ऐकायचे, हा विचारायचा.

"मास्तर, एका राजाचा वारस मारला. मंग बाकीचे कशापायी उठले?"

मी ऐटीत समजावलं. ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस एका सर्बानं मारला म्हणून ऑस्ट्रिया लहानग्या सर्बियावर उठला. सर्बियाच्या पाठीशी रशिया, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी. रशियाचा फ्रान्सशी करार. जर्मनी फ्रान्सवर निघाला तो बेल्जियमच्या मुलखातून, आणि बेल्जियमला इंग्रजांनी शब्द दिलेला. शिवाय जर्मनी आरमार वाढवत होता, ते इंग्रजांना कधीचं खुपत होतं.

त्यानं बोटांवर नावं मोजली. मग म्हणाला, "म्हंजे भांडण दोघांचं, आन् सोयरे समद्यांचे."

त्याला हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या एका बांधावरून पाटील आणि देशमुखांचं बिनसलं होतं. पाटलांचे व्याही केजकडून माणसं घेऊन आले, देशमुखांचे भाऊबंद घाटनांदूरहून. देशमुखांच्या माळावर चारतो म्हणून हाही काठी घेऊन उभा राहिला. त्या मारामारीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली, ती पुन्हा कधी मिटली नाहीत. "त्यो बांध मी आजून बगितला न्हाई," तो म्हणायचा. हसायचा नाही.

हिवाळ्यात तहसिलीचे पेशकार, म्हणजे तहसीलदारांचे कारकून, गावात आले. म्हातारे, सज्जन गृहस्थ. हैदराबादचे घोडेस्वार समुद्रापार चालले होते आणि घोड्या-खेचरांची निगा राखायला माणसं हवी होती. निजाम सरकारनं इंग्रजांना शब्द दिला होता. खाली जिल्ह्याच्या तालुकदारांनी सरकारला दिला, तहसीलदारांनी तालुकदारांना. आमच्या गावात पाटलांनी दोन माणसं कबूल केली. ते ऐकून देशमुखांनी तीन कबूल केली.

देशमुखांनी धनगराला बोलावून घेतलं. जबरदस्ती काहीच केली नाही. "तू जाऊन ये," एवढंच म्हणाले. "माळ तुझाच हाय." नाही म्हटलं तर मेंढरं कुठं चारायची, हे त्याला विचारायची गरज नव्हती.

कागद उर्दूत होता. तो वाचून दाखवायला मला बोलावलं. मी वाचला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी काय म्हंता?"

मी म्हणालो, "लवकर संपेल. पेपरात तसंच लिहिलंय. तुला कुठं लढायचंय? जनावरं तर सांभाळायची."

मला ते तेव्हा खरं वाटत होतं. पण शाळा देशमुखांच्या पडवीत भरायची, हेही खरं होतं. त्याचा अंगठा शाईत बुडवून मीच कागदावर टेकवला. बायको चावडीच्या पायरीखाली पदर ओढून उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

पेशकार माझ्याकडे पाणी प्यायला थांबले. तुर्कस्थान जर्मनीच्या बाजूनं लढाईत उतरला होता, आणि तिथला सुलतान म्हणजेच मुसलमानांचा खलिफा. पाणी पिऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मास्तरसाहेब, शुक्रवारी मशिदीत ज्या खलिफासाठी दुवा मागतो, त्याच्याच फौजेवर माणसं धाडतोय मी."

"मग?"

"मग काय. हैदराबादेत हुजूरनी शब्द दिलाय." त्यांनी कागद घडी करून कापडात बांधले आणि ते घोड्यावर चढले.

मिसर देशातून धनगराची तीन पत्रं आली. कोणाकडून तरी उर्दूत लिहून घेतलेली. बायको शाळा सुटायची वाट बघत झाडाखाली बसायची आणि मी वाचून दाखवायचो. पाणी खारट आहे, वाळूत खेचरांचे पाय भाजतात, पांढऱ्या मेंढीला काय झालं ते कळवा. मग पत्रं थांबली. बायको तरीही महिनाभर येऊन बसत राहिली.

पुढं मानमोडीच्या तापाची साथ आली. मीही पंधरा दिवस अंथरुणाला खिळलो होतो. उठून बाहेर पडलो तेव्हा वस्तीवर कोणी नव्हतं. त्याची बायको साथीत गेली होती, मेंढरं तिचा भाऊ घेऊन गेला होता.

साथीच्या आधीच पाटलांची मुलगी देशमुखांच्या घरात सून म्हणून आली होती. बांध मोडून जमीन एक झाली. माळही नांगरला गेला.

लढाई संपून कितीतरी महिने उलटल्यावर तो परतला. उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. वस्तीवर न जाता सरळ शाळेत आला, म्हणजे त्याला अंदाज असावा. मी सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला, मुलांना सुट्टी देईपर्यंत तसाच बसून राहिला. मग देशमुखांकडे जाऊन आला.

"जेवू घातलं," तो म्हणाला. "माळ आता सामाईकात हाय म्हणले. वट्यावर पाटील बसलेले होते. कवा मिटलं त्यांचं?"

"झाली दोन वर्षं."

त्यानं मान हलवली. "तिकडचे मोठे लोक बी बसतील एका वट्यावर. येळ लागंल, पर बसतील."

मला राहवलं नाही. "लवकर संपेल असं मी तुला म्हणालो होतो," मी म्हणालो.

"तुमी काय करनार. पेपरात तसं होतं."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तो घाटनांदूरकडे बहिणीच्या गावी गेला आणि तिथं लोकांची गुरं वळू लागला. मी वर्तमानपत्र बंद केलं. संध्याकाळी लोक काही दिवस ओट्यावर जमायचे, मग तेही थांबले.

पुढं माझी केजला बदली झाली. एकदा बाजारात तो भेटला, गुरांची दावी घेत होता. केस पांढरे झाले होते. बरा आहेस का, हे मला दोनदा मोठ्यानं विचारावं लागलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "बहिणीची ज्वारी चांगली आली औंदा." दावी खांद्यावर टाकून तो गर्दीतून निघून गेला.