मूर्ती कुणाच्या हातात द्यायची

मुलांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, आजी, तू चर्चशी भांडलीस का? तुमच्या आईने लगेच विषय बदलला. मला ते आवडलं नाही. अर्धवट ऐकलेली गोष्ट इतक्या लांब पोचली की तिचं भलतंच काही होतं, म्हणून आता क्रमाने लिहिते. मी चर्चशी भांडलेले नाही. दर रविवारी मिस्सेला जाते आणि पुढच्या बाकावर बसते. भांडले ती बायकांशी. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी प्रार्थनाही करत नाही.

ऑक्टोबर हा आमचा रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. सांगलीत आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये त्या महिन्यात मारियामातेची मूर्ती घरोघरी फिरते, एका घरी एक मुक्काम. संध्याकाळी बायका जमतात, रोझरी म्हणतात, मग चहा-चिवडा. हे सगळीकडे होत असेल. पण आमच्याकडे मूर्ती घरी आली की त्या घरातली आई तिची ओटी भरते: खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. दुसऱ्या दिवशी तीच आई मूर्ती पुढच्या घरी नेते आणि तिथल्या आईच्या हातात देते. देताना दोघींचे हात मूर्तीवर असतात आणि दोघी मिळून एक 'नमो मारिया' म्हणतात. मी पाचगणीला शिकवत होते तेव्हा तिथल्या सिस्टर या ओटीला हसायच्या. मला मात्र ही रीत आवडायची. फादरांचं त्यात काही काम नाही, प्रार्थना आईकडून आईकडे जाते.

माझ्या शेजारी एक तरुण जोडपं राहतं. तो कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर आहे, ती घरी शिवणकाम करते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला मुलगी झाली, पण मेलेलीच जन्मली. दफन झालं, फादरांनी प्रार्थना केली, बायकांनी आठवडाभर डबे पोचवले. हे मुद्दाम सांगते. या बायका दुष्ट नव्हेत. दुष्ट असत्या तर मला एवढा राग आला नसता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मूर्ती माझ्या घरी होती. माझ्यानंतर तिचं घर, तिच्यापुढे महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचं. त्या दिवशी दुपारी अध्यक्षीणबाई माझ्याकडे आल्या. मूळच्या मलकापूरच्या, माझ्याहून लहान, बोलायला मोकळ्या. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या की उद्या मूर्ती मधल्या घरी नको, थेट आमच्याकडेच आणा. मी कारण विचारलं. म्हणाल्या, बिचारी रडेल, जखम ओली आहे. मी म्हटलं, रडू दे की, रोझरीत रडायला बंदी नाही. मग खरं बाहेर आलं. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता. जिची ओटी अशी रिकामी झाली, तिच्या हातून भरल्या घरात मूर्ती कशी घ्यायची?

चाळीस दिवसांच्या उपवासात दर शुक्रवारी आम्ही सगळ्या क्रूसाची वाट करतो, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची प्रार्थना. क्रूसावरून उतरवलेला मुलगा आईच्या मांडीवर ठेवतात, तिथे सगळ्यांत जास्त पदर डोळ्यांना लावतात त्या याच बाई. मी म्हटलं, "जिची मूर्ती तुम्ही घरी आणताय, तिच्या मांडीवरही मेलेलं लेकरूच होतं."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "आवं टीचर, ते देवाचं झालं. आमच्या घरात पोर यायचं हाय."

संध्याकाळची रोझरी आटोपल्यावर मी फादरांकडे गेले. ते शिकलेले आहेत, सभ्य आहेत. म्हणाले, ओटीची रीत चर्चची नाही, त्यामुळे त्यात मी हुकूम कसा देऊ? यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. मदर्स डेला याच माणसाने वेदीवरून आईपणावर प्रवचन दिलं होतं. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं आणि चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी मूर्ती घेऊन मी घराबाहेर पडले. बायका गल्लीत होत्याच. मी शेजारच्या फाटकाकडे वळले तशा त्या जागच्या जागी थांबल्या. एकीने हलकेच म्हटलं, टीचर हट्टाला पेटल्या.

तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती दारात उभी होती. नवी साडी, डोक्यावर पदर, मागे स्टुलावर ताट: हिरवा खण, नारळ, तांदूळ. तिने माझ्यामागे पाहिलं, बायका येत नाहीत हे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. दोन्ही हात मागे घेतले.

"नगा टीचर. त्या सुनंला काय झालं तर माझ्यावर येईल."

मुलांनो, माझा खरा राग इथला आहे. त्यांनी तिला वगळलं एवढंच नाही, तिलाही ते पटायला लागलं होतं. मी मूर्ती तशीच धरून उभी राहिले. हात भरून आले. मग ती म्हणाली, "लोक इचारत्यात, पोरं किती. काय सांगू?"

"एक," मी म्हटलं. "एक मुलगी."

तिने हात पुढे केले. आम्ही 'नमो मारिया' म्हटलं, म्हणजे मीच म्हटलं. तिला रडू आवरत नव्हतं. मग तिने ओटी भरली, तांदूळ सांडले, ते दोघींनी वेचले. रोझरीला आम्ही दोघी आणि तिचा नवरा, एवढेच होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मूर्ती घेऊन गेलो तर अध्यक्षीणबाईंच्या दाराला कुलूप होतं. आतला टीव्ही मात्र बाहेर ऐकू येत होता. तीन दिवसांत मंडळाने नवी मूर्ती आणली, मोठी, मागे दिव्यांची माळ असलेली, आणि फेरी पुढे सुरू केली. सुनेला मुलगा झाला, दोघंही सुखरूप. मी पेढे खाल्ले, बाळाला मनापासून आशीर्वाद दिला. तेव्हाही बाई माझ्यादेखत म्हणाल्या, वेळेत काळजी घेतली म्हणून बरं झालं. एकीनेही त्यांना टोकलं नाही. मंडळाच्या सभेला मी त्या दिवसापासून गेलेले नाही. बोलवायला येतात, मी कारण सांगते, त्या मान खाली घालतात आणि जातात. फादरांची बदली झाली. नव्यांनाही मी हे सगळं सांगितलं. तेही म्हणाले, बघू.

पेढे वाटले गेले त्याच आठवड्यात माझी शेजारीण मला म्हणाली, टीचर, ते बाळ लय गोड हाय. तिला राग येत नाही. तिच्या वाटचा मीच करते.

जुनी मूर्ती अजून आहे. दर ऑक्टोबरात ती माझ्या घरून तिच्या घरी जाते आणि पुढे आणखी काही घरी. त्यांतल्या दोन घरांतल्या बायकांना कधीच मूल झालेलं नाही. ओटी सगळ्या भरतात.